पहाऱ्याची वही

सप्ताहाचं इन्स्टाग्रामवर पान काढायचं की नाही, एवढाच मूळ प्रश्न होता. पाटोदा तालुक्यातलं गाव, दरवर्षीचा अखंड हरिनाम सप्ताह आणि त्याची वही सांभाळणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. गाव त्यांना नाना म्हणतं. त्यांची पुतणी पुण्यात जनसंपर्क शिकते. एका इव्हेंट कंपनीत उमेदवारी करून ती सुटीला गावी आली, ती सप्ताहाचा ‘प्लॅन’ घेऊनच. पानावरून निघालेला वाद भाकरीवर गेला, तिथून फ्लेक्सवर, तिथून नारायणगड-सावरगावपर्यंत. शेजारी म्हणून मीही बसलो होतो. अधूनमधून तोंड घातलं, पण दोघांनीही मला फारसं जुमानलं नाही.

आधी ती वही कशी आहे ते सांगतो. पुठ्ठ्याची, लांबट, दुकानदाराच्या खतावणीसारखी. डावीकडे वार आणि वेळ, उजवीकडे नावं. सप्ताह चालू आहे तोवर मंडपातली वीणा खाली टेकवायची नाही असा नेम, म्हणून दोन-दोन तासांचे पहारे. पुढचा पहारेकरी आला की दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. रात्री बारा ते दोन आणि दोन ते चार हे पहारे कुणालाच नको असतात. तिथली नावं नानांनी पेन्सिलीने लिहिली आहेत, कारण ती खोडावी लागतात. पुढच्या पानांवर पंगती: कोणत्या वस्तीच्या भाकरी कोणत्या दिवशी, आमटीची डाळ कुणाकडून, काल्याच्या दिवशीची बुंदी कुणाची. मग पाण्याचा टँकर, मंडपवाला, महाराजांना आणायला जाणारी गाडी.

पुतणी : नाना, हीच तर आमची रनशीट. कंपनीत मला दोन महिने हेच करायला लावलं. कोण, कुठं, किती वाजता. फक्त आमच्यात पेन्सिल नसते. नाव टाकलं की माणूस येतोच, त्याला पैसे मिळतात.

नाना : आणि पैसे मिळत नाहीत तो कामून येतो, हे शिकवलं का कॉलेजात?

पुतणी : श्रद्धेनं येतो.

नाना : श्रद्धेनं दिवसाच्या पहाऱ्याला येतो. रात्री दोनला लाजेनं येतो. नाव लिहिलंय आणि आला नाही, तर पहाटे काकड्याला अख्ख्या गावाला कळतं.

पुतणी हसली, पण तिनं मुद्दा सोडला नाही. सप्ताहाला येणारे कोण? आजूबाजूची वीस-पंचवीस गावं, तीही पत्रिका पोचली तर. तरुण पोरं कीर्तन यूट्यूबवर ऐकतात, मंडपात येत नाहीत. त्यांना आणायचं तर रोजचं एक छोटं चित्रण पाहिजे: चुलाणावरची आमटीची कढई, पहाटेचा काकडा, हरिपाठात उड्या मारणारी पोरं. तिच्याकडे सात दिवसांचं वेळापत्रक तयार होतं, कोणत्या दिवशी काय टाकायचं त्याचं.

नाना : लोक बघतील. मान्य. बघून येतील का?

पुतणी : पालवणला आले ना!

इथं तिनं वर्मावर बोट ठेवलं. बीडजवळच्या पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली. तिथं २०२० च्या फेब्रुवारीत वृक्षसंमेलन भरलं आणि संमेलनाध्यक्ष होतं वडाचं झाड. नाना तेव्हा गेले होते, देवराईबद्दल आजही भरभरून बोलतात.

पुतणी : अध्यक्ष वड! याच्याइतकी चांगली कल्पना मला चार सेमिस्टरमध्ये कुणी सांगितली नाही. एक पैसा खर्च नाही, आणि बातमी प्रत्येक पेपरात. नुसतं ‘वृक्षारोपण कार्यक्रम’ म्हणाले असते तर जिल्ह्याबाहेर कुणी ओळ छापली नसती.

नाना : वडाचा दुसरा फायदा तुझ्या ध्यानात नाही आला. अध्यक्षीय भाषण नव्हतं.

मग ते अंबाजोगाईवर घसरले. १९८३ साली अंबाजोगाईला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष. नाना तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले. एसटीने गेले. संमेलन आहे हे कसं कळलं, असं पुतणीनं विचारलं, तर म्हणाले, केंद्रावरच्या मासिक बैठकीत एका गुरुजींनी सांगितलं, आणि शिवाय पेपरात होतंच. दोनच वाटा. दोन्हींच्या मागं एकेक माणूस उभा. गुरुजी खोटं सांगतील तर पुढच्या बैठकीत भेटणार. पेपर खोटं छापेल तर शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात संपादकाचं नाव आणि छापखान्याचा पत्ता असतोच, कायद्यानं ठेवावाच लागतो. बीडसारख्या गावातून ‘झुंजार नेता’, ‘चंपावतीपत्र’, ‘लोकाशा’, ‘प्रजापत्र’ अशी किती दैनिकं निघतात. बातमी चुकली तर माणूस थेट कार्यालयात जाऊन उभा राहतो.

नाना : तुझ्या पानाच्या तळाला कुणाचं नाव राहणार?

पुतणी : अॅडमिनचं.

नाना : म्हणजे माझं. नको गं बाई.

ही भीती उगाच नाही. २०२४ च्या लोकसभेला बीडचा निकाल साडेसहा हजार मतांनी लागला आणि पुढचे कित्येक दिवस जिल्ह्यात निकालापेक्षा पोस्टांचीच चर्चा. कुणाच्या तरी पोराने रात्री काहीतरी टाकायचं, सकाळी गाव बंद, दुपारी गुन्हा दाखल. त्याआधी, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर आरक्षणाच्या आंदोलनात जाळपोळ झाली तेव्हा जिल्ह्यात संचारबंदी लागली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. पुढं हातात पिस्तूल घेऊन केलेल्या रील्सही याच जिल्ह्यानं पाहिल्या. नाना ज्या ज्या गटात आहेत त्या बहुतेकांत आता ‘फक्त अॅडमिन पाठवू शकतो’ अशी व्यवस्था आहे, आणि अॅडमिन काहीच पाठवत नाही.

पुतणीला कायदा ठाऊक होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगून ठेवलंय की सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं तर केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा समान हेतू दिसला पाहिजे.

नाना : न्यायालय सांगतंय ते खरं. पण ठाण्यात बोलावलं तर दिवस माझा जाणार, न्यायालयाचा नाही.

पुतणी : मग बंद ठेवून काय झालं? तेव्हा नेट बंद होतं तर अफवा थांबल्या का? फोनवरून पसरल्या. उलट खरं काय ते सांगणाराही बंद झाला. नाना, गप्प बसण्याला तुम्ही सावधपणा म्हणता. त्यानं फक्त मैदान मोकळं राहतं.

मला तिचं पटलं. नानांनाही पटलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला आणि तिच्या उमेदवारीवर आले. कंपनीत नेमकं काय केलं?

तिनं सांगितलं ते असं. जिल्ह्यातच एक मोठा मेळावा होता. कुणाचा ते ती सांगेना, आणि नानांनी दोनदा विचारूनही तिनं दाद दिली नाही. हा गुण तिला पुढं उपयोगी पडेल. तिच्याकडे स्वयंसेवकांचा गट आणि थेट प्रक्षेपण. स्वयंसेवकांना सूचना व्हॉट्सअॅपवरून. सकाळी दहापर्यंत सगळं झकास. अकराच्या सुमारास गर्दी दाटली आणि नेटवर्क गेलं. एवढे फोन एका जागी आले की टॉवर गुदमरतो. पाण्याच्या गाड्या वरच्या रस्त्याला, तहानलेली माणसं खालच्या उताराला, आणि ‘गाड्या खाली घ्या’ या तिच्या मेसेजशेजारचं बारीक घड्याळ जागचं हलेना. शेवटी तिनं कागदाच्या चिटोऱ्यावर दोन ओळी खरडल्या, गर्दीतून वाट काढत व्यासपीठापर्यंत गेली आणि चिठ्ठी निवेदकाच्या हातात कोंबली. त्यानं दोन घोषणांच्या मधे ती वाचली. गाड्या हलल्या.

नाना : म्हणजे शेवटी माइकच.

पुतणी : म्हणजे पुढच्या वेळी वॉकीटॉकी, आणि मोबाइल कंपनीकडून चाकावरचा टॉवर आधीच मागवायचा. पंढरपूरला वारीत करतात तसं. माइक एकच असतो नाना, आणि तो पुढाऱ्याच्या हातात असतो.

गर्दीवरून बोलणं दसऱ्यावर गेलं. इथं ते जाणारच. एकाच दिवशी, १२ ऑक्टोबर २०२४ ला, या एका जिल्ह्यात दोन दसरा मेळावे झाले: नारायणगडावर मनोज जरांगे पाटलांचा, आणि आमच्याच तालुक्यात सावरगाव घाटला पंकजा मुंडे यांचा. विधानसभेची निवडणूक तोंडावर. दोन्हीकडची ड्रोनची दृश्यं संध्याकाळपर्यंत फोनाफोनांत फिरली आणि कुणाची गर्दी मोठी यावर लोक दिवाळीपर्यंत भांडले.

पुतणीला त्या राजकारणात रस नव्हता, जागेत होता. सावरगावचा मेळावा पूर्वी भगवानगडावर व्हायचा, गोपीनाथ मुंडे असल्यापासून. २०१६ ला गडावर राजकीय भाषण नको असं महंतांनी ठरवलं आणि सभा पायथ्याशी झाली. पुढच्याच वर्षी मेळावा सावरगावला गेला, भगवानबाबांच्या जन्मगावी.

पुतणी : कार्यक्रमाची जागा बदलली की निम्मे लोक गळतात, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. इथं तसं झालं नाही. का? कारण नवी जागा नुसती मोकळी म्हणून घेतली नव्हती. ‘गड नाही, तर जन्मभूमी’ हे सांगता आलं. गोष्ट बरोबर असेल तर माणसं जागा सोडून गोष्टीच्या मागं जातात.

नाना : गोष्टीच्या मागं नाही. तारीख बघ. दसरा झाला की टोळ्या कारखान्याला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयते बांधलेले. त्याआधी एकदा सगळ्यांनी एकत्र यायचं, हे ज्यानं ओळखलं त्यानं तुझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मोठं काम केलं. दसरा पंधरा दिवस पुढं ढकल, तेच मैदान, तीच गोष्ट, बघ कोण येतंय.

याला पुतणीकडे उत्तर नव्हतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं, म्हणजे फोनमध्ये. या जिल्ह्यात कार्यक्रमाची तारीख ठरवताना ऊसतोडीचा हंगाम आधी बघावा लागतो, हे पुण्यात बसून कुणाला सुचणार? नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे कोयते निघून गेले की गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरंच उरतात. मग कितीही सुंदर जाहिरात करा.

पण तिनं दुसऱ्याच बाजूनं गाठलं.

पुतणी : नाना, मागल्या वर्षी आपला सप्ताह टोळ्या परतायच्या आधी आला. किती माणसं बाहेर होती?

नाना : लई. सांगली, कोल्हापूर, निम्मी कर्नाटकात.

पुतणी : त्यांचा पहारा कुठाय तुमच्या वहीत?

नाना बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. तिथं काही सापडणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. मग त्यांनी स्वतःच सांगितलं की त्या टोळ्यांतल्या कित्येकांनी पंगतीसाठी पैसे फोनवरून पाठवले होते. एकाने नंतर फोन करून विचारलं, ‘माइकवर माझं नाव घेतलं का?’ घेतलं होतं. पण त्याला ऐकू कसं येणार? उसाच्या फडाजवळ कोपीत बसलेला माणूस, गावापासून दोनशे कोसांवर.

पुतणी : तेच सांगतेय मी. कीर्तन लाइव्ह केलं तर तो कोपीत बसून ऐकेल. त्याचं नाव पुकारलेलं ऐकेल. हा काही रीच वाढवायचा उद्योग नाही. ही तुमचीच माणसं आहेत.

इथून नानांचा ‘नाही’ ढिला पडला. तरी अटी आल्याच. कीर्तनकार महाराजांना आधी विचारायचं, कारण काही महाराज सुरुवातीलाच कॅमेरे बंद करायला लावतात. तासाभराच्या निरूपणातलं अर्धं वाक्य कापून कुणी फिरवलं की निस्तरायचं महाराजांना. दुसरी अट पोस्टरची. सप्ताहाच्या पत्रिकेवर शेवटी ‘समस्त गावकरी मंडळी’ छापतात, तेच राहील. फोटोची रांग नको. एक फोटो टाकला की दुसरा कामून नाही, आणि वरच्या ओळीत कोण, खालच्या ओळीत कोण. या जिल्ह्यात नुसत्या आडनावावरून माणूस कुठला ते लोक ठरवतात. २०२५ मध्ये बीडच्या पोलिसांनी छातीवरच्या आणि टेबलावरच्या पाट्यांवरून आडनाव काढून नुसतं नाव ठेवलं, ते उगाच नाही.

पुतणी : फोटो नको हे मला मान्य. खरं सांगू? ज्या फ्लेक्सवर पन्नास चेहरे असतात तो कुणीच वाचत नाही. ज्याचा चेहरा असतो तो तेवढा बघतो.

आता तिची पाळी. तिनं वही मागून घेतली आणि विचारलं, यात सगळ्यांची नावं आहेत, पण काही विपरीत झालं तर बोलणार कोण, त्याचं नाव कुठंय? एकादशीला भगरीतून विषबाधा झाली, मंडपाचा खांब पडला, तर पेपरवाले कुणाला विचारतील?

नाना : सरपंच बोलंल.

पुतणी : सरपंच त्या दिवशी मुंबईला असला तर?

मग तिनं आयव्ही लीची हकिगत सांगितली. १९०६ साली अमेरिकेत अॅटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला. हा ली रेल्वे कंपनीचं प्रसिद्धीचं काम बघायचा. तोवर अपघात दडपायची रीत. यानं स्वतःहून निवेदन काढलं आणि पत्रकारांना जागेवर न्यायची व्यवस्था केली. वाईट बातमी आपण आधी सांगितली तर लोक आपल्यावर विश्वास ठेवतात, हे त्यातलं सूत्र.

नाना : अपघात दडपायला आधी रेल्वे तर पाहिजे. आमची १९९५ ला मंजूर झाली, अन् नगरहून बीडला गाडी आली २०२५ च्या १७ सप्टेंबरला.

टोला छान होता, पण नानांनी पेन काढलं आणि वहीच्या शेवटच्या पानावर ‘बोलणार’ असं लिहून पुढं दोन नावं घातली, एक गावातलं आणि एक आरोग्य उपकेंद्रात ओळख असलेलं. पेनानं लिहिली, पेन्सिलीनं नाही.

उरला प्रश्न कमेंटचा. लाइव्ह करायचं तर खाली लोक लिहिणार. नाना म्हणाले, ते बंद ठेव. पुतणी म्हणाली, कोपीतल्या माणसानं ‘रामकृष्ण हरी’ लिहिलं तर तीच त्याची हजेरी. ती कशी बंद करायची? नाना म्हणाले, हजेरी एकाची आणि शिवी दुसऱ्याची, आणि ती शिवी सकाळपर्यंत राहिली की दुपारी बंद. दोघांचंही खरं होतं. तोड नानांनीच काढली, आणि ती काढताना वही पुढं ओढली.

नाना : पहारा लाव. कीर्तन नऊला सुरू होतंय, अकराला संपतंय. तेवढा वेळ एकानं फोन घेऊन बसायचं. कीर्तन संपलं की कमेंट बंद. नाव लिहितो. कोण?

पुतणी : पहिले दोन दिवस मी.

नाना लिहू लागले.

पुतणी : आणि वीणेचा एक पहारा. तोही मी.

पेन थांबलं. वहीतल्या वीणेच्या पानांवर एकही बाईचं नाव नाही, हे मीही त्या क्षणापर्यंत पाहिलं नव्हतं. भाकरीच्या पानावरही नाही. ज्या बाया सात दिवस पहाटेपासून परातीत पीठ मळतात, त्यांच्या जागी तिथं वस्तीचं नाव आहे किंवा घरमालकाचं. ‘समस्त गावकरी मंडळी’ या तीन शब्दांचा मघाशी मला फार अभिमान वाटला होता.

नाना : काही गावांत बाया धरायल्यात वीणा. नाही असं नाही.

पुतणी : मग?

नाना : समितीला विचारावं लागंल. रविवारी बैठक आहे. सगळ्यात शेवटी घेऊ हा विषय.

पुतणी : शेवटी घेतला की निम्मे उठून गेलेले असतात, नाना.

नाना : म्हणून तर शेवटी म्हणतोय.

पुतणी : चालणार नाही. पहिला जमाखर्च घ्या, त्याला सगळे थांबतात. दुसरा हा. मंडपवाला तिसरा.

नाना म्हणाले, मंडपवाल्याचा ठराव दुसरा असतो, दरवर्षी दुसराच असतो, तो हलवायचा तर सचिवाला विचारलं पाहिजे. पुतणीनं विचारलं, सचिव कोण? सचिव नानाच होते.